निर्माल्याची सहल

हसू नका, पण परवा इथे आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने आम्हाला हवार बेटावर नेलं. तिथला किनारा संरक्षित, आणि हिच्या पिशवीत महिन्याभराचं निर्माल्य!

"अगं, पकडलं तर मुलाचा व्हिसा जाईल."

"फुलंच आहेत हो, अफू नाही."

तेवढ्यात रक्षक आला. त्याने विचारायच्या आतच मी हात वर केले, "सिर्फ फूल हैं, साब!"

"पानी में मफी, बिलकुल नहीं, बाबा. वापस ले जाओ," तो हसत म्हणाला.

निर्माल्य बोटीने फिरून घरी आलं. आता ते फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी आहे.

"जाताना मुंबईला नेऊ," ही म्हणाली. "तिथला समुद्र कुठे संरक्षित आहे?"

जन्मभर पर्यावरण शिकवलं मी. आणि आता सामान वजनात बसेल का, याची काळजी करत बसलो.