उसने दिलेले नाव

नारोपंतांनी दंतमंजन कुटले, त्यांचे चिरंजीव विश्वनाथ यांनी त्याला ‘नारोपंत छाप’ म्हटले, विश्वनाथांच्या मनोहरांनी ते सोव्हिएत कझाकस्तानात खपवले. आणि मनोहरांचे पद्माकर पाया लेबार भागातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसून वकील कन्येला हीच वंशावळ सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात सुनावत होते.

“आणि अश्लेषा, अण्णांचा माल विकणारा तो येर्लान तिथे कझाकस्तानात आपली छाप स्वतःच्या नावावर नोंदवून बसलाय. मेला चोर.”

“तुम्ही का नाही नोंदवलीत, बाबा?”

“साम्यवादात गिऱ्हाईक एकच, सरकार. नक्कल करणार कोण?”

“साम्यवाद माझ्या जन्माआधी गेला. त्यानंतर काय केलंत?”

“दात घासले.”

“सकाळी त्यांचा फोन आला होता.”

“चोराचा?”

“ऐका तर. सरकारी दुकानं बंद पडली, त्यांची नोकरी गेली. तेव्हा आजोबा म्हणाले, ‘माझं नाव लाव आणि दुकान थाट.’ पुढे बाजारात नकली डबे आले, म्हणून येर्लान यांनी छाप नोंदवली आणि नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचलं.”

“अण्णांनी कागद केला नाही?”

“आपल्या घरात कागद कोण करतं, बाबा?”

पद्माकरांनी हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर पुन्हा वाचला.

“आणि तुम्ही मला लिहायला लावलेल्या प्रत्येक पत्रात त्यांना चोर म्हटलंय.”

“पुढच्यात काका लिही. त्यांना हवंय तरी काय?”

“काही नको. दुकान बंद करतायत. छाप तुमच्या नावावर करून दिली, सहीसुद्धा झाली. म्हणाले, ‘मनोहरांचं उसनं आज फिटलं.’”