देसांकाबाईंचा फोटो

उझित्से गावच्या पाथरवटाकडे स्मिल्या आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर विधवा देसांकाबाई आणि त्यांचा फोटोग्राफर पुतण्या ओग्न्येन. तिथल्या रीतीप्रमाणे बाईंना नवऱ्याच्या थडग्यावर, त्याच्या चेहऱ्याशेजारी, जिवंतपणीच स्वतःचा चेहरा कोरून घ्यायचा होता आणि त्यासाठी फोटो आजच द्यायचा होता. स्मिल्याने कान टवकारले.

“ओग्न्येन, या फोटोत तर रिकामी खुर्ची आहे.”

“वर तुझी शाल आहे ना, काकू.”

“शालीला कोण ओळखतंय? मी कुठाय?”

“तू नाहीस. तुझं नसणं आहे. ही माझी दृष्टी.”

“माझं नसणं मी मेल्यावर फुकट मिळेल. आत्ता आहे, तर मला दाखव.”

“सगळ्या दगडांवर तेच चेहरे असतात गं. पासपोर्टसारखे.”

“तुझे काका पासपोर्टसारखे बसलेत आणि शेजारी नुसती खुर्ची. लोक म्हणतील, बाई दुसऱ्याबरोबर पळाली.”

“बरं, मग ही खिडकी?”

“काच मळकी आहे. पुढचा दाखव.”

“तो राहू दे, तो चुकून निघालाय. तू माझ्यावर ओरडत होतीस.”

“कधी?”

“खुर्चीवरून ऊठ म्हटलं, तेव्हा.”

“बघू. बोट उगारलंय, तोंड उघडं. हाच दे. तुझ्या काकांना शेजारी हेच माणूस ठाऊक आहे.”

“पण यात माझी दृष्टी कुठाय, काकू?”

“आहे की. कडेला जराशी हललीये, घाबरून.”

आतून पाथरवटाने पुढच्याला हाक मारली. ओग्न्येन फोटो पुन्हा एकदा निरखत उठला.

“काकू, खाली बारीक अक्षरात माझं नाव कोरलं तर चालेल?”