अकरा नंबरचा चार्ज

(टाउन हॉलच्या स्टेजमागची खोली. एकावर एक रचलेल्या खुर्च्या. दारापलीकडे कुणीतरी माईक तपासतंय.)

बाबा: हे एक वाक्य सोडून बाकी सगळं म्हणतो.

लेक: कुठलं?

बाबा: हे बघ. 'चाळीस वर्षं मी गॅसच्या विहिरी खोदल्या आणि बुजवल्या, एकही कधी गळली नाही.'

लेक: बाबा, त्या एका वाक्यासाठी तर तुम्हाला बोलावलंय. नव्या विहिरी खोदायच्या की नाही, हे आजच्या सुनावणीवर ठरणार आहे. लोकांना भीती आहे ती गळतीची. आम्ही कंपनीवाल्यांनी सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? पण याच गावातला म्हातारा ड्रिलर उभा राहून बोलला, तर ऐकतील.

बाबा: ऐकतील ना. म्हणूनच म्हणत नाही.

लेक: काल घरी तर घडाघडा म्हणत होतात.

बाबा: काल समोर तुझी आई होती. आणि तिचा डोळा लागला होता.

लेक: चेष्टा नको. पंधरा मिनिटं राहिलीत. तुम्हाला विहिरी नकोत का? तसं असेल तर सरळ सांगा.

बाबा: मला नकोत? मागच्या वर्षी बाहेरून गॅस आणणारं जहाज आलं नाही, नऊ दिवस गॅस बंद. काचेच्या कारखान्याची भट्टी विझली. भट्टीतली काच एकदा गोठली की भट्टीच फोडावी लागते. तुझा दादा पाच महिने खिडकीत बसून होता, दाढीसुद्धा करत नव्हता. गॅस आपल्या पायाखाली, आणि आपण डोळे लावून बसलोय समुद्राकडे. मी तर कटिंगला गेलो तरी न्हाव्याला सांगतो, खोदा म्हणावं.

लेक: मग हेच बोला की. मी लिहिलंय त्याच्यापेक्षा चांगलं आहे.

बाबा: तू लिहिलंयस 'ऊर्जा-स्वावलंबनाच्या दिशेने दमदार पाऊल'. असं कोण बोलतं गं घरात?

लेक: नका म्हणू ते. दादाचं सांगा, भट्टीचं सांगा. फक्त शेवटी ते एक वाक्य.

बाबा: तेवढंच नाही.

लेक: का?

बाबा: मी सकाळी फिरायला जातो तेव्हा हातात काय असतं?

लेक: पाण्याची बाटली. आता हे काय मधेच?

बाबा: पाणी नाही ते. साबणाचं पाणी आहे. घरात सिलिंडर गळतोय का ते आपण कसं बघतो? तसंच. बस डेपोच्या मागे अकरा नंबरची विहीर आहे, आम्ही बुजवलेली. तिच्या झाकणाच्या कडेने रोज ओततो. बावीस वर्षं झाली.

लेक: आई तर म्हणते, तुम्ही तिथल्या नळावर पाय धुता.

बाबा: मीच सांगितलं होतं तिला तसं. डेपोतले ड्रायव्हर मला साबणवाले काका म्हणतात. त्या झाकणावर बसून सिगारेटी ओढतात मेले. उठवलं की हसतात.

लेक: पण रोज कशासाठी? बुजवलेली विहीर आहे ना?

बाबा: बुजवताना शेवटचं सिमेंट वरच्या अंगाला भरतात. ते घट्ट व्हायला चोवीस तास सोडायचं, मग दाब देऊन तपासायचं. आत वाकून तर बघता येत नाही. म्हणून त्याच सिमेंटचा थोडा नमुना चहाच्या कपात काढून ठेवायचा. कपातलं कडक झालं की आतलंही झालं असं धरायचं. सगळीकडे असंच करतात.

लेक: मग?

बाबा: आमचा कप इंजिनाच्या शेजारच्या फळीवर होता. अठ्ठावीस दिवसांची शिफ्ट संपत आलेली, पोरांनी बॅगा गाडीत टाकलेल्या. सोळा तास झाले आणि कुणीतरी ओरडलं, कप दगड झालाय. मी कप हातात घेतला, तर गरम. इंजिनाच्या उबेने लवकर कडक झाला होता. आणि खाली जमीन गार, म्हणजे आतलं अजून कच्चंच.

लेक: तुमच्या लक्षात आलं होतं?

बाबा: हातात घेतल्या घेतल्या. तरी वहीत चोवीस लिहिले आणि सही केली. दाबाची तपासणी त्याच घाईत उरकली. मलाही घरी यायचं होतं.

लेक: बाबा, बावीस वर्षं काही झालं नाही ना? म्हणजे सिमेंट चांगलं निघालं. म्हणजे ते वाक्य खरंच आहे.

बाबा: रविवारी सकाळी बुडबुडे आले.

लेक: कुठे?

बाबा: झाकणाच्या डाव्या अंगाला. बारीक, पण एकामागून एक. सोमवारी आले, काल आले, आजही आले.

लेक: आणि तुम्ही गप्प बसलात?

बाबा: गप्प कसा बसेन? सोमवारीच तुमच्या ऑफिसात गेलो. तू बाहेरगावी होतीस. तुझ्या साहेबांना भेटलो. चहा दिला त्यांनी.

लेक: साहेबांना माहीत आहे?

साहेब: येऊ का आत? काका, तयार? तुमचा तिसरा नंबर आहे. मॅडम, कागद पाठ झालाय ना?

लेक: सर, अकरा नंबर गळतोय हे तुम्हाला सोमवारपासून माहीत आहे?

साहेब: गळतोय असं आपण आत्ताच कसं म्हणणार? काकांना साबणाचा फेस दिसला. सुनावणी झाली की उद्याच माणूस पाठवतो. मी शब्द दिलाय त्यांना.

बाबा: शब्द दिलात. पण हे वाक्यही म्हणायला दिलंत.

साहेब: काका, तुम्ही आमच्याच बाजूचे आहात ना?

बाबा: आहे. मी वर जाऊन सांगतो, खोदा. आणि सांगतो, अकरा नंबर आधी नीट करा. चूक माझी होती, ती कशी झाली तेही सांगतो. म्हणजे पुढचा कुणी कप फळीवर ठेवणार नाही.

साहेब: 'आधी' हा शब्द नुसता उच्चारलात तरी परवानगी दोन वर्षं लांबेल. तोवर दुसरं जहाज अडकलं तर? तुमच्याच मुलाची भट्टी पुन्हा विझेल. हे माझं म्हणणं नाही, तुम्हीच गावभर सांगताय.

बाबा: खरं आहे ते.

साहेब: मग?

बाबा: मग काही नाही. तेही खरं आणि हेही खरं. डेपोत आत्ता कुणीतरी काडी ओढत असेल.

साहेब: मॅडम, एक करू. काकांना चक्कर आली म्हणून सांगतो. त्यांच्या जागी तुम्ही बोला. 'माझे वडील सांगतात' असं म्हणून तेच वाक्य. जमेल?

लेक: आणि नाही जमलं तर?

साहेब: तर उद्यापासून जनसंपर्काला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. मला आनंद नाही होत हे बोलताना. दोन मिनिटांत तुमचं नाव पुकारतो.

बाबा: गेले ते. जा तू, आणि काय बोलायचं ते बोल. मी रागावणार नाही. नोकरी तुझी आहे.

लेक: मला राग आलाय बाबा. त्यांचा आलाय आणि तुमचाही आलाय. बावीस वर्षं घरात एका माणसाला सांगता आलं नाही तुम्हाला?

बाबा: नाही आलं. लाज वाटली.

लेक: लहानपणी तुम्ही मला एक सांगायचात. रिगवर शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं तोंडाने सांगतो. काय बिघडलंय तेसुद्धा, मग शेजारी मोठा साहेब उभा असला तरी.

बाबा: हो. आणि येणारा ते सगळं मोठ्याने परत म्हणतो. त्याशिवाय चार्ज दिला असं धरत नाहीत.

लेक: अकरा नंबरचा चार्ज तुम्ही कुणाला दिलात?

बाबा: कुणाला देणार? रिग हलली, आम्ही घरी आलो. माझी शिफ्ट अजून चालूच आहे म्हण.

लेक: मग आता द्या.

बाबा: वेडी आहेस का? माझं नाव जाईल ते जाऊ दे. तुझं कशाला?

लेक: माझं नाव पुकारतायत बाबा. लवकर सांगा.

बाबा: विहीर अकरा, डेपोमागची. वरचं सिमेंट कच्चं असताना तपासलं. रविवारपासून डाव्या अंगाला बुडबुडे. माणसं लांब ठेवा, आग जवळ नको. आजच्या आज तपासा.

लेक: विहीर अकरा, डेपोमागची. वरचं सिमेंट कच्चं असताना तपासलं, चोवीस तासांनी...

बाबा: सोळा. चोवीस वहीत आहेत.

लेक: सोळा.