माझ्या कवटीचे तीन नमुने

...अहो, निवडायचं म्हणजे निवडायचं तरी कसं? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे नमुने मांडले, आणि परवा डॉक्टरांनी माझ्यापुढे तीन नमुने मांडले... कशाचे? माझ्या कवटीचे! हसू नका! दुकानातच पडलो मी, तेही ‘पाय घसरणारच नाही’ म्हणून मीच विकत होतो त्या फरशीवर. मेंदूला सूज आली, तळहाताएवढं हाड काढून फ्रीजरमध्ये ठेवलं, आणि आता म्हणतात, त्यात जंतू झाले, टाकून दिलं. माझं हाड... टाकून दिलं! आता त्या जागी काय बसवायचं, ते म्हणे मी सांगायचं. का? तर डॉक्टर चष्मा पुसत म्हणतात, “डोकं तुमचं, निर्णय तुमचा!”

एक टायटेनियमची जाळी. मजबूत! पण उन्हात तापल्यासारखी वाटते कुणाकुणाला. दुसरं प्लास्टिक, माप घेऊन खास बनवतात, पण यायला दीड महिना. आणि तिसरं सिमेंट. सिमेंट, अहो! तिथल्या तिथे कालवून लावतात. मी विचारलं, “तडा जातो का?” तर म्हणाले, “क्वचित.” हे ‘क्वचित’ मी तीस वर्षं वापरलंय हो!

घरी पंचायत बसली. मेव्हणा म्हणतो, “दाजी, प्लास्टिक? आपली खुर्ची कशी मोडली, विसरलात?” सासूबाई म्हणतात, “जावईबापू, धातूच घ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.” पिढ्यान्‌पिढ्या! माझ्यामागे ते वापरणार कोण? मुलगी मोबाइलमधून मान वर न करता, “बाबा, मी सगळं वाचलंय, तिन्हींत धोका आहे.” आणि चहाचे कप खाली ठेवून सगळे एका सुरात... “पण डोकं तुमचं, निर्णय तुमचा!”

आणि बायको? माझं डोकं धुताना तिची बोटं त्या खळग्यापाशी येतात आणि थांबतात... मला भीती वाटते हो. फरशी आवडली नाही तर उखडून दुसरी बसवता येते, मी कितीदा बसवून दिलीय. हे कोण उखडणार? आणि कितीदा?

शेवटी काल हात टेकले. गिऱ्हाइकं मला जे विचारायची तेच डॉक्टरांना विचारलं, “तुमच्या स्वतःच्या डोक्यात काय बसवाल?” क्षणभरसुद्धा थांबले नाहीत! “टायटेनियम! अगदी डोळे मिटून!”

झालं... तिथेच मी सावध झालो. कारण ‘तुमच्या स्वतःच्या घरात कुठली बसवाल?’ असं कुणी विचारलं, की मीही अस्साच, पापणी न लववता सांगायचो... महिनोन्‌महिने खपत नसायची ती!

सही केली. करतो काय? डोकं माझं, निर्णय माझा... फक्त उठता उठता हळूच विचारलं, “डॉक्टर, या मालाचे किती नग पडून आहेत?”