वरबापाचा गुडघा

मंडळी, एक सांगा! दारात दोन जखमी आले. एक बोंबलतोय, एक गप्प. आधी कुणाकडे धावाल? काय? बोंबलणाऱ्याकडे! पहिल्या रांगेतले अण्णासुद्धा तेच म्हणाले!

तर ऐका. माझ्या थोरल्या लेकीचं बारसं झालं, त्या सालची गोष्ट. वाघदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात उद्धव खैरे नावाचे नवे डॉक्टर आले होते. कोटाला कडक इस्त्री, डोक्यात सगळी पुस्तकं — आणि आधी कुणाला बघावं तेच कळेना! का? दारात अख्खं वऱ्हाड! लग्नाला निघालेला टेम्पो वळणावर कलंडला होता. अकरा जखमी आणि खाट एकच!

खाटेवर कोण? नवऱ्या मुलाचे वडील, रंगराव! गुडघा खरचटलेला, पण आवाज? अहो, हा माझा लाऊडस्पीकर लाजेल! "मेलो! वरबाप आहे मी, आधी मला बघा!" त्यांच्या मागे नवऱ्याचा मामा, मग आत्याचे यजमान... रांग मानाप्रमाणे! पत्रावळी तेवढ्या मांडायच्या राहिल्या होत्या!

डॉक्टर बिचारे कापूस घेऊन गुडघ्याकडे धावले. तेवढ्यात तिथली जुनी नर्स, द्रौपदाबाई, कानाशी आली.

"डॉक्टरसाहेब, ओरडायला छातीत दम लागतो. यांच्यात भरपूर आहे. ज्याचा आवाज येत नाही, तो शोधा."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. पायरीवर मुलीचे वडील बसलेले, भिकोबा, वऱ्हाड आणायला गेलेले. पाहुण्यांना जागा दिली आणि स्वतः टेम्पोच्या मागे लोंबकळत निघालेले. अंगावर ओरखडा नाही!

"माझं काही नाही साहेब," हात जोडून म्हणाले. "आधी पाहुण्यांचं होऊ द्या. मला नुसतं पाणी..."

बरं, म्हणून डॉक्टर वळणार — आणि थबकले! हा माणूस तिसऱ्यांदा पाणी मागतोय! हात धरला, तर गार. कपाळाला घाम. नाडी? नुसती पळतेय! पोटावर हात ठेवला, तर फळीसारखं कडक. मंडळी, रक्त आतल्या आत वाहत होतं!

"पाणी देऊ नका! जीप काढा! रंगराव, उठा, खाट द्या!"

"मी उठू? मुलीच्या बापासाठी? आमचा काही मान —"

"मान पाहिजे ना?" द्रौपदाबाईंनी सलाईनची बाटली त्यांच्या हातात दिली. "हा घ्या! डोक्याच्या वर धरा. खाली आली, तर आज तुमची सून बिनबापाची होईल."

रंगराव ताडकन उठले, बाटली डोक्यावर! त्या दिवशी पहिल्यांदाच! आणि गुडघा? तो आठवलाच नाही! जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत दोन तास हात वर. जीपमध्ये मामा म्हणाला, "दाजी, द्या, मी धरतो."

"लांब हो! मान माझा आहे!"

ऑपरेशन झालं. भिकोबा वाचले.

डॉक्टरांनी मग विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं, तर सरळ सांगितलं का नाही?"

"मला कुठं माहीत होतं? मीही शोधतच होते. आणि पुढल्या जूनला मी रिटायर होतेय. सवय करा!"

हसताय ना? आता तुमच्याकडे येतो! घरी जाल, तेव्हा ओरडणारे पुष्कळ भेटतील. त्यांना चहा द्या! पण कोपऱ्यात कुणी "माझं काही नाही" म्हणत बसलं असेल — तुमची आईच असेल — तिचा हात धरून बघा. गार तर नाही ना?

भिकोबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. प्रत्येक पंगतीत रंगराव त्यांना पहिल्या पानावर बसवायचे. माघ वद्य तृतीयेला, नातीच्या लग्नात त्याच पानावर जेवून, दुपारी भिकोबा वारले.