भिंतीवरची निळी फिल्म

नाही, आधी हात लावून बघा, मग बोला. पत्र्याचं घर म्हणे! अहो, घर विटांचंच आहे, पत्रा फक्त पश्चिमेच्या भिंतीला, तोही बाहेरून. हे अख्ख्या कुरुळीला सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी जो येतो तो विचारतो, "काय जयसिंगराव, शेड टाकली का?" शेड नाही रे भावा... रेनकोट म्हण. भिंतीचा रेनकोट.

तुम्हाला सांगतो, या भिंतीनं मला लई छळलं. आमच्याकडं पाऊस वरून पडतच नाही, आडवा येतो, पश्चिमेकडून थेट आमच्या बेडरूमवर. दरवर्षी मी वॉटरप्रूफ रंग लावायचा आणि श्रावणापर्यंत त्याचे पोपडे पडायचे. साड्यांना कुबट वास, गादीला वास, माझ्या युनिफॉर्मलासुद्धा. शेवटी नीला, म्हणजे आमची बायको, शांतपणे बोलली. ती ओरडली तर मी घाबरत नाही, शांत बोलली की घाबरतो. म्हणाली, "हा एक पावसाळा बघते. भिंत ओली झाली, तर हे घर विकायचं आणि रहाटणीला भूषणदादाच्या सोसायटीत फ्लॅट घ्यायचा."

आता बोला! हे घर मी ओव्हरटाइम करकरून बांधलंय राव, पायाच्या खड्ड्यात स्वतः उतरलोय, आणि ते विकून बुद्धभूषणच्या शेजारी राहायला जायचं? मेहुणा गुणाचा आहे, नाही कोण म्हणतं, पण सातव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून बोलतोही वरूनच.

मग काय, लागलो कामाला. दगडी फरशी चिकटवावी तर तिच्यामागं पाणी बसतं, प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावाव्यात तर त्या उन्हानं वाकतात. सगळीकडं हिंडून, दुकानदारांचं डोकं खाऊन, शेवटी रंगीत पत्रा ठरवला. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये लोखंडी पाइपांची चौकट, म्हणजे आत हवा खेळती, खाली पाणी निथळायला फट, प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर. अहो, मी चाकणला कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे, माझ्या शिक्क्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही! प्रत्येक स्क्रू आवळला की त्याच्यावर पिवळ्या मार्करची रेघ, आमच्या लाइनवर मारतो तश्शी. गल्ली हसत होती. हसू दे म्हटलं.

आणि नव्या पत्र्यावर ती निळी फिल्म असते ना, ओरखडा पडू नये म्हणून? तिला मी कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. नीला म्हणाली, "अहो, ही काढायची नसते का?" मी म्हटलं, खबरदार. कंपनीचा नियम आहे, फिल्म आपण काढायची नाही, ती कस्टमरच्याच हातून निघाली पाहिजे, माल कोरा करकरीत पोचल्याची ती खूण. आणि आपल्यात काढतं कोण हो? तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक काढलंत? मग?

पावसानं जोर धरला, आणि मी शिफ्टवरून आलो की बूट काढायच्या आधी भिंतीला हात. कोरडी. शेजारी दिसला की त्याला आत ओढायचा, हात लावून बघा. कोरडी! छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं ताणायची... आणि आषाढात एके दिवशी नीला म्हणाली, "इकडं या जरा." शांतपणे. खिडकीशेजारी वाटीएवढा डाग. ओला. घर गेलंच म्हटलं.

बाहेर जाऊन बघतो तर फिल्मला हे फोड, फोडांत पाणी, आणि वॉशर बसलेत फिल्मवर, पत्र्यावर नाहीतच, त्यामुळं ते पाणी निवांत स्क्रूच्या भोकातून आत. नीला मागं उभी. "मग काढा की ती फिल्म." मी म्हटलं, "अगं, कस्टमरनं काढायची असते..." "या घराचा कस्टमर कोण? मी ना? मग धरा शिडी." तिनं पदर खोचला, वर चढली आणि टर्रर्र करून एका दमात वरपासून खालपर्यंत पट्टा सोलला. आत पत्रा असा लखलखीत, की गल्ली हसायची थांबली. मग मी एकेक स्क्रू सैल करायचा, वॉशरखालचा चिटोरा ओढायचा, पुन्हा आवळायचा. पिवळी रेघ मात्र तिनं मारली. म्हणाली, "आता पास."

त्यानंतर टिपूस नाही. रविवारी साध्या पाण्यानं पत्रा धुवायचा, खालच्या फटीतला पालापाचोळा काढायचा, वॉशर तपासायचे, बास. घर विकायचं नावसुद्धा कुणी काढत नाही. उलट नीलाच फोनवर, "दादा, आमची भिंत बघायला ये, हात लावून बघ."

आला की. बुद्धभूषण आला, भिंतीवरून हात फिरवला आणि चक्क खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, आमच्या सातव्या मजल्याची बाहेरची भिंत गळतीय. सोसायटीच्या मीटिंगा चालल्यात, कुणाचं एकमत होत नाही." त्या क्षणी मी केवढा झालो म्हणून सांगू! आणि त्या भरात तोंडातून गेलं, "मग पावसाळाभर इथंच राहा की!"

राहिला. बायकोपोरांसकट, त्याच बेडरूममध्ये. नीला तिच्या वहिनीच्या शेजारी, पोरं मध्ये, सगळे कोरड्यात घोरतात. मी हॉलमध्ये, दक्षिणेच्या भिंतीला. तिला पत्रा लावायचा राहून गेलाय... हात लावून बघा.