धाकट्याच्या वाट्याचा बर्फ

—नाही, नाही, तिकडे कशाला जाताय ताई, बसा इथंच. बर्फावर ओतलेला गरम मेपलचा पाक हवाय ना, मग तो काय फक्त मर्लकडेच मिळतो? रस्त्याला पाटी लावलीय त्यानं, 'ताज्या बर्फावरचा पाक' — पाटी लावायला काय जातं. धाकटा भाऊ तो माझा, सख्खा. आमच्याकडेही बर्फ आहे. बसा, कढई उतरायलाच आलीय.

खरं सांगू, त्याच्या अंगात गुण काही नाही, नशीब आहे नुसतं. वडील गेले, टेकडीच्या वाटण्या झाल्या, मी थोरला, पहिली निवड माझी — मी उन्हाची बाजू घेतली. कोणीही घेतली असती. इकडे मेपलच्या झाडांतून रस आधी सुटायचा, गावात पहिला पाक माझा यायचा, आणि मर्ल तिकडे सावलीत, गुडघाभर बर्फात बादल्या घेऊन धडपडायचा. मी हसायचो. आता बघा — थंडीचा कडाका येतो अजून, पण बर्फ कुठाय? पडतोच कमी, आणि पडला की माझ्याकडचा लगेच वितळतो, त्याच्याकडचा एप्रिलपर्यंत हलत नाही. तुम्हाला वाटेल बरं झालं, चालायला सोपं. नाही हो. बर्फ म्हणजे रानाची गोधडी. ती अंगावर असली की खाली माती मऊ राहते. गोधडी गेली आणि मग कडाका आला की माती दगडासारखी गोठते, आणि केसासारखी बारीक मुळं असतात ना, झाडाला पाणी पाजणारी — ती मरतात. जाड मुळं उरतात, पण त्यांचा काय उपयोग, पिणारं तोंडच गेलं. मी खणून पाहिलंय. माझ्याकडची काळी, बोटांत धरली की तुटतात. मर्लकडची पांढरी, लवचीक, ओल्या शेवयांसारखी — कसं माहीत म्हणजे? गेलो होतो. तो रविवारी चर्चला गेला होता तेव्हा. भावाच्या रानात जायला परवानगी लागते का? खड्डा बुजवला मी परत. — जळतो म्हणा, हो, जळतो. माझा रस दरसाल कमी होतोय आणि त्याच्या बादल्या भरून वाहतायत, मग जळणार नाही तर काय करणार?

यंदा मात्र गप्प नाही बसलो. आपला नोलन आहे ना, चर्चपुढचं पार्किंग साफ करतो, तो तिथला बर्फ ट्रकनं नेऊन माळावर ओतायचा. म्हटलं, बाबा, माझ्या झाडांत ओत. हिवाळाभर आणत होता. एकेका मेपलच्या बुंध्याशी मी स्वतः फावड्यानं पसरला, मर्लकडे नसेल इतका जाड. एकदा मर्ल आला कुंपणापाशी, 'हॉलिस, अरे ऐक तरी जरा' — म्हटलं, तू तुझं बघ. पोटात दुखलं असणार, दुसरं काय.

हं, घ्या. वरचा मळका थर खरडून आतला पांढरा काढलाय तुमच्यासाठी. बर्फावर पाक घट्ट, चिकट होतो, तो असा काट्यावर गुंडाळायचा, आणि मधूनमधून हे काकडीचं आंबट लोणचं, म्हणजे गोडाची मिठी बसत नाही — इथली रीतच आहे ती. कसं लागतंय? ... खारट? लोणच्याचं असेल ते. ... अजून घेतलंच नाही? मग — माझा पाक खारट कसा लागेल ताई, आजवर कोणी — आणा बघू इकडे.

थांबा. नुसता बर्फ चाखतो.

...

चर्चच्या दारात, पार्किंगमध्ये बर्फ वितळावा, म्हाताऱ्या घसरू नयेत म्हणून मीठ टाकतात ना. गोणीच्या गोणी. नोलनच टाकतो. मी पाहिलंय की, माझ्याच बुटांना चिकटून घरात येतं — आणि मी ते मुळांवर — एकेका झाडाच्या — माझ्या हातांनी —

ऊन बघा केवढं पडलंय. आज वितळायला लागेल सगळा, मिठासकट मुरेल मुळांत.

नाही, पैसे राहू द्या ताई. निघा तुम्ही. मर्लकडेच जा, तो देईल चांगला. आणि त्याला सांगा, फावडं घेऊन ये म्हणावं, ट्रॅक्टरही आण. हॉलिसनं बोलावलंय म्हणा. का, ते नका सांगू. त्याला माहीत आहे.